गाडी झाली की येतो

लोक आता अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणतात आणि शेजारी उभं राहून फोटो काढतात. आमच्या लहानपणी सोलापुरात हिला डुक्कर फियाट म्हणायचे. नाव ज्याने ठेवलं त्याला डोळे होते. पुढून पाहिलं तर नाक वर करून उकिरड्याचा वास घेत उभी राहिलेली डुकरीणच. पुढची दारं उलट्या बाजूने उघडतात, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि रिव्हर्स टाकताना हात असा पिरगाळावा लागतो की बघणाऱ्याला वाटावं, याला फीट आली. अशी गाडी वेण्याने घेतली. म्हातारपणी, पेन्शनीवर.

वेण्या म्हणजे वेणीमाधव. विमा कचेरीत कारकून होता. मी रुद्रप्पा, माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता ते माझ्या मुलाचं, बसवेशचं आहे. त्याने कॉम्प्युटर आणला, काउंटर काचेचं केलं आणि माझं स्टूल कोपऱ्यात सरकवलं. पुढे ते स्टूलही पाणी पिण्याच्या जारखाली गेलं. वेण्या आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्यांच्याकडे सोवळंओवळं, आमच्याकडे घरात कानडी, तरी बाक एकच. म्हणून सत्तरी आली तरी आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो आणि शेजारच्यांना ते विचित्र वाटतं.

गाडी आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांची. डॉक्टर गेले, मुलं परदेशात, बंगल्याची जागा बिल्डरने घेतली. मागच्या शेडमध्ये ही विटांवर उभी होती. चाकं नाहीत, काच नाही, आत सीटच्या जागी उंदरांचं बिऱ्हाड आणि तळाच्या भोकातून वर आलेलं बाभळीचं झुडूप. भंगारवाला हातोडा घेऊन आला होता. वेण्या भाजी आणायला निघाला होता. त्याने भंगारवाल्याला थांबवलं आणि भंगाराच्या भावातच गाडी घेतली. भाजी त्या दिवशी आलीच नाही.

मी बघायला गेलो तर हा गाडीभोवती फिरत होता, जसा देवळाभोवती.

"लई भारी," मी म्हटलं. "आता एक बैल घे. वढायला."

"रुद्र्या, दोनतीन महिन्यांत उभी करू आपण हिला."

"आपण म्हंजे कोण?"

"तू आणि मी. दुसरं कोण आहे?"

ते मात्र खरं होतं. दुसरं कोणीच नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी प्रभावहिनी गेल्या होत्या. तेराव्याचं जेवण झाल्यावर त्यांची मुलगी इंद्रायणी बापाच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, आता चला पुण्याला. एक खोली मोकळीच आहे. तुमचीच समजा." मी तिथे होतो. वेण्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. त्याला जायचं होतं. रिकाम्या घरात एका माणसाचा कुकर लावणं म्हणजे काय असतं, हे त्या तेरा दिवसांतच त्याला कळलं होतं. आणि तरी तो म्हणाला, "बघू."

आता हे बघू कुठून आलं ते सांगायला पाहिजे. वेण्याचे वडील जुन्या वळणाचे. मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं ते मानायचे. वेण्याची बहीण बार्शीला दिली होती. वडील तिला भेटायला जायचे तेव्हा घरून पाण्याचा तांब्या भरून न्यायचे, ओसरीवर बसायचे, आपलंच पाणी प्यायचे आणि दुपारच्या गाडीने उपाशी परत यायचे. बहीण दारात उभी राहून रडायची. वेण्या या गोष्टीला हसायचा. अडाणीपणा आहे म्हणायचा. पण जे रक्तात मुरलंय ते हसण्याने थोडंच जातं? मुलीच्या घरी बापाने आयतं बसून खायचं, जावयाच्या पंख्याखाली झोपायचं, या विचारानेच त्याचा घास अडायचा.

गाडी घेतली तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. गाडी घेऊन जायचं. शिवानीला, म्हणजे नातीला, रोज शाळेत सोडायचं आणि आणायचं. इंद्रायणीला मंडईत न्यायचं. जावयाला स्टेशनवर घ्यायला जायचं. "मग मी तिथे उपरा नाही. त्या घरात माझं काहीतरी काम आहे. मग दोन घास गिळता येतील."

"आणि पोरीला काय सांगितलंस?"

"गाडी झाली की येतो म्हणून सांगितलं."

"का म्हणून ते सांगितलंस?"

"असलं मुलीला सांगतात का?"

मी कपाळाला हात लावला. इंद्रायणीने पैसे पाठवते म्हटलं, तेही याने नाकारलं. मुलीच्या पैशाने गाडी करून मुलीच्या घरी जायचं, तर मग एसटीनेच गेलो असतो की, हे त्याचं शास्त्र. त्यामुळे काम पेन्शनीवर. पहिल्या आठवड्यात एखादा पार्ट यायचा आणि उरलेला महिना आम्ही पॉलिश पेपर घासत बसायचो.

गाडी त्याच्या अंगणात आणली, वर ताडपत्री बांधली. इंजिन जाम झालेलं. निंगप्पा नावाचा मिस्त्री होता, माझं दुकान माझं असतानाचं गिऱ्हाईक. त्याचं गॅरेज सोमवारी बंद असायचं, म्हणून तो फक्त सोमवारी यायचा. त्याने पिस्टनवर रॉकेल आणि तेल ओतलं आणि म्हणाला, "आता सुम्नं, गप बसा. तिच्या मनात आलं की सुटंल." दोन सोमवार गेले, चार गेले. आम्ही रोज जाऊन पुढून हँडलचा दांडा फिरवून बघायचो. एका सकाळी तो करंगळीएवढा हलला. वेण्या घरात गेला आणि साखर घेऊन आला. आम्ही दोघांनी चिमूट चिमूट तोंडात टाकली आणि उरलेली मुंग्यांनी नेली.

तळाचा पत्रा आम्ही तेलाच्या डब्यांचा घातला. ब्रेकची रबरं मिळेनात, तेव्हा निंगप्पाने कुठल्याशा टेम्पोची कापून बसवली. वायरिंग मी केलं. रंगासाठी एका कारखान्यातला उरलेला क्रीम रंग मिळाला. डॉक्टरांच्या वेळी गाडी राखी होती, पण फुकटच्या रंगाला नाव कोण ठेवणार? सीटला रेक्झिन परवडत नव्हतं. मग आमच्या ओळखीच्या मागवाल्याकडून विणताना चूक झालेल्या चादरी आणल्या आणि त्याच ताणून शिवल्या. सोलापुरी चादर ती, माणूस फाटेल पण ती नाही. एका सीटवर अर्धा मोर आला होता, त्याचं डोकं शिलाईत गेलं. वेण्या म्हणाला, ती बाजू शिवानीची, तिला आवडेल.

प्रत्येक गोष्टीत शिवानी. आरसा लावला की, "शिवानीला पुढे बसल्यावर दिसेल ना रे?" हॉर्न लावला की, "शाळेच्या गेटवर वाजवता येईल." मी ऐकून घ्यायचो. माझं खरं सांगू का? मला गाडी व्हायला नको होती. माझं घर भरलेलं आहे. मुलं, सुना, नातवंडं, दोन टीव्ही. पण दिवसभरात मला "जेवण झालं का" आणि "जरा सरका" याच्यापलीकडे कोणी काही बोलत नाही. वेण्याच्या अंगणात माझ्यावाचून अडायचं. "रुद्र्या, हे बघ, रुद्र्या, ते धर." गाडी झाली की हा जाणार आणि मी पुन्हा जार ठेवायच्या स्टुलासारखा, हे मला रोज कळत होतं. तरी मी रोज जात होतो आणि मन लावून करत होतो, कारण काम वाईट करणं मला येत नाही.

पुढची काच सोलापुरात मिळेना. बार्शीकडच्या एका वस्तीवर असलीच गाडी पडून आहे, असं कोणीतरी सांगितलं. आम्ही एसटीने गेलो. गाडी होती, काचही शाबूत होती, पण आत कोंबड्या होत्या. मालकीण बजाबाई, वयाने आमच्यासारखीच, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काच न्या की. पर मांजार आत शिरलं तर माझ्या कोंबड्या कुटं जातील?"

वेण्याने पैसे पुढे केले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "पैशानं मांजार अडतंय व्हय?"

मग ठरलं. आम्ही तिला खुराडं बांधून द्यायचं आणि काच न्यायची. दोन म्हाताऱ्यांनी उन्हात फळ्या कापल्या, जाळी ठोकली. मी अंगठ्यावर हातोडी मारून घेतली आणि कानडीत ज्या शिव्या दिल्या त्या बजाबाईला बरोबर समजल्या, कारण ती तोंडाला पदर लावून हसत होती. दुपारी तिने ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा दिला. वेण्या तीन भाकऱ्या जेवला.

"व्हय रे," मी विचारलं, "हितं बरं तुझ्या घशाखाली उतरतंय? पोरीच्या घरी काय काटे असतात का?"

"इथे आपण खुराडं बांधलंय," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला आणि वर ताक मागून घेतलं.

काच चादरीत गुंडाळून, दोघांच्या मांडीवर आडवी घेऊन आम्ही एसटीने परत आलो. वाटेत सगळ्यांनी विचारलं, टीव्ही हाय का. मी सगळ्यांना हो म्हटलं.

असं करता करता तिसरी दिवाळी आली. दोनतीन महिन्यांचं काम म्हणे. इंद्रायणी शिवानीला घेऊन आली होती. शिवानी आली तेव्हा आजोबाच्या खांद्याला लागत होती, हे बघून वेण्या जरा गोंधळलाच. त्याच्या डोक्यात ती अजून दोन वेण्या घालणारी चौथीतली पोर होती. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, "सो क्यूट" म्हणाली आणि फोनमध्ये गेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात कार्ब्युरेटर पुसत होतो. इंद्रायणी बापासमोर येऊन उभी राहिली. चांगली पोर आहे, बोलायला सरळ.

"बाबा, एकदा नक्की काय ते सांगा. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, त्या नगरहून आमच्याकडे येतील. शिवानीला अभ्यासाला जागा लागते. तुम्ही येणार असाल तर मी तसं ठरवते. नसाल यायचं तरी सांगा, मी रागावणार नाही. पण तीन वर्षं मी विचारतेय."

माझे हात थांबले. मनात म्हटलं, बोल वेण्या. एवढंच बोल, की मला यायचंय.

वेण्या चाकाचा नट आवळत होता. तो आधीच आवळलेला होता. "गाडी झाली की बघू," तो म्हणाला.

ती "बरं," म्हणाली आणि आत जाऊन फराळाचे डबे भरायला लागली. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर मी त्याच्यावर भडकलो. "तोंडात जीभ हाय का पान्हा? पोर पायाशी येऊन विचारती आन तू नट पिळत बसतोस? तिला काय वाटलं आसंल? बापाला माझ्यापरीस डुक्कर प्यारं, हेच की!"

"माहेरच्या माणसाने आधी जागा अडवून बसायची, हे बरं दिसतं का?" तो म्हणाला. "विहीणबाईंचं ऑपरेशन होऊ दे. चालायला लागल्या की त्या नगरला जातीलच, त्यांचं स्वतःचं घर आहे. तोवर गाडी होईल. मग मी दारात जाऊन हॉर्नच वाजवतो."

त्याच्या तोंडावर असा आनंद होता की मी पुढे बोललो नाही. मला वाटलं, बापलेकीतलं आहे, आपण कोण?

फेब्रुवारी संपताना गाडी सुरू झाली. निंगप्पाने दांडा मारला, तिसऱ्या झटक्याला ती खोकली, चौथ्याला तिने काळा धूर सोडला आणि मग एकदम चालूच राहिली. सगळी गल्ली गोळा झाली. मी पान्हे पुसून पेटीत भरायला लागलो. पुढे पासिंगसाठी खेटे झाले, कागद झाले, विमा झाला. विम्याचे कागद वेण्याने असे वाचले, जसा कोणी जुन्या ओळखीच्याला भेटतो.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो. सिद्धेश्वराच्या तळ्याकडून सात रस्ता, तिथून विजापूर रोड. लोक मोटारसायकली थांबवून बघायचे. वेण्या ताठ बसायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी, मांडीखाली बिनडोक्याचा मोर. त्या पंधरा दिवसांसारखे दिवस मला पुष्कळ वर्षांत मिळाले नव्हते. आता कधी निघतोस, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मग एका बुधवारी तो म्हणाला, "उद्या गुरुवार. चांगला दिवस आहे."

मी म्हटलं, मोडनिंबपर्यंत येतो, तिथून एसटीने परत फिरेन. पहिला लांबचा प्रवास, वाटेत काही झालं तर कोणी हवं, असं कारण सांगितलं. खरं कारण असं की मला दारात उभं राहून हात हलवायचा नव्हता.

सकाळी गेलो तर मागची सीट भरलेली. एक ट्रंक, अंथरुणाची वळकटी, प्रभावहिनींचा फोटो चादरीत गुंडाळलेला, आणि त्यांच्यामध्ये नीट बसवलेला एक पितळी डबा.

"डब्यात काय?"

"देव," तो म्हणाला.

मी समजलो. आमचं लिंगायतांचं सोपं असतं, आमचा देव गळ्यात, जाईल तिथे सोबत. यांचे देव म्हणजे घर. ते रोज सकाळी अंघोळ करतात, नैवेद्य खातात. माणूस चार दिवस गावाला गेला तर शेजारच्याला पूजेला सांगून जातो, देव हलवत नाही. देव उचलले म्हणजे बिऱ्हाड उठलं. वेण्या कायमचा निघाला होता. त्याने दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुळशीला पाणी घालत जा."

गाडी बरी चालली. मोहोळ मागे पडलं. मोठे ट्रक घों करून जायचे आणि आमची डुकरीण थरथरायची, पण रस्ता सोडायची नाही. वेण्या मध्येच म्हणाला, "शाळा सव्वासातची असते म्हणे. म्हणजे मला सहाला उठलं पाहिजे." मी हो म्हटलं.

मोडनिंबला हायवेच्या कडेला एका टपरीवर थांबलो. बॉनेट उघडून गाडीला वारा दिला. चहा सांगितला. वेण्याने फोन काढला. त्याने इंद्रायणीला काहीच कळवलं नव्हतं, दारात हॉर्न वाजवायचा होता ना. पण मीच म्हटलं, "सांग बाबा, घरी नसली तर?" त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो.

"इंदू, गाडी झाली. निघालोय. मोडनिंबला आहे."

पलीकडे ती हसायला लागली, लहान पोरीसारखी. "बाबा, खरंच? त्या गाडीतून? कमाल केलीत हो. शिवानी वेडी होईल बघून." मग घरात कोणाला तरी ओरडून सांगितलं, बाबा येतायत, फियाट घेऊन. वेण्याने माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी त्याचा त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"मग किती दिवस आहात, बाबा?"

तसा या प्रश्नात काही दोष नव्हता. पाहुणा येतो म्हटलं की घरातली बाई हेच विचारते. वेण्याने गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेतून वळकटी दिसत होती.

"चार दिवस," तो म्हणाला. "रविवारी परत फिरेन."

"चारच? आठ दिवस तरी राहा की. फक्त बाबा, ती खोली आता सासूबाईंची झालीय. त्यांना एकटं ठेवणं बरं नाही म्हणून नगरचं घर भाड्याने दिलं आम्ही. तुम्हाला हॉलमध्ये झोपावं लागेल. चालेल ना?"

"मला काय, कुठेही झोप लागते. शिवानी शाळेतून किती वाजता येते?"

"तिची बस साडेतीनला येते. पण क्लास असतो मग, ती मैत्रिणीबरोबर जाते. संध्याकाळी भेटेल. आणि बाबा, हळू चालवा हं. गाडी गेटबाहेर लावावी लागेल, आत आमची एकच जागा आहे."

"हो. लावतो बाहेर. ठेवू मग?"

चहा आला. आम्ही दोघांनी तो पिऊन टाकला.

"फोन लाव परत," मी म्हटलं. "सांग तिला, मी राहायला येतोय म्हणून. तिला ठाऊकच न्हाय, वेण्या. तिला वाटतंय तुला यायचंच नव्हतं."

"सांगितलं की ती काय करेल माहिती आहे तुला? स्वतः हॉलमध्ये झोपेल आणि मला तिची खोली देईल. रोज सकाळी अंग दुखत उठेल आणि म्हणेल, छे, मला तिथेच झोप लागते. माझी मुलगी आहे रे." तो उठला. "विहीणबाईंचा पहिला हक्क आहे. तिचं काही चुकलं नाही. ती विचारत होती तेव्हा मी नट आवळत होतो."

मी त्याला परत फिर म्हटलं. तो म्हणाला, आता पोरीला सांगितलंय, ती पुरणाचा घाट घालून बसेल. त्याने मागचं दार उघडलं. ट्रंक खाली ठेवली. वळकटी खाली ठेवली. एका पिशवीत दोन शर्ट, धोतर, टॉवेल भरले, तेवढी पिशवी परत सीटवर ठेवली. वहिनींचा फोटो माझ्या हातात दिला. मग तो डबा दोन्ही हातांनी काढला.

"हे बरोबर नेले तर ती ओळखेल," तो म्हणाला. "तू घेऊन जा. माझ्याच घरात, कोनाड्यात ठेव. सकाळी अंघोळ घाल, गंध लाव, साखर ठेवलीस तरी चालेल. मंत्र नको. करशील ना? तुमच्यात चालतं ना?"

"चालत नसलं तर काय इथं टपरीवर ठेवू?" मी म्हटलं. मी डबा घेतला. त्याला उत्तर कळलं असावं, कारण तो हसला. मग दांडा मारून गाडी चालू केली, उलटं दार ओढून घेतलं आणि टेंभुर्णीच्या दिशेने गेला. मागची सीट रिकामी असल्यामुळे गाडी आता जास्तच उडत होती.

एसटीत मी डबा मांडीवर घेऊन बसलो. ट्रंक पायाशी. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, बिऱ्हाड कुटं निघालं?" मी सोलापूरचं तिकीट काढलं आणि खिडकीकडे तोंड केलं. रविवारी वेण्या परत येणार होता. रोज अंगणात बसणार, रुद्र्या हे धर म्हणणार, आता तो कुठेच जाणार नव्हता. तीन वर्षं मी मनातून हेच मागत होतो. ते मिळालं होतं, आणि मी मोहोळ येईपर्यंत रडत होतो. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी वेण्याचं घर उघडलं. अंघोळ करून गेलो होतो. ताम्हनात देव काढले आणि एकेकाला पाणी घालायला लागलो. बाळकृष्ण एवढासा, हातातून निसटतो, म्हणून मुठीत धरला होता. तेवढ्यात फोन वाजला. वेण्या. मागे कुकरची शिट्टी, भांडी, बायकांचं बोलणं.

"काय रे, पोचलो बरं का काल नीट. गाडीने कुठे त्रास दिला नाही." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "अंघोळ घातलीस का?"

लगेच इंद्रायणीचा आवाज आला. "कोणाला अंघोळ, बाबा?"

"रुद्र्याच्या म्हशीला," वेण्या म्हणाला. "नवीन घेतलीय त्याने."

तिकडे सगळे हसले. इंद्रायणी हसली, शिवानी हसली, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता तोही हसला. वेण्याही हसत होता. हसता हसता त्याने पुन्हा विचारलं, घातलीस का. मी मूठ उघडून बघितली.

"घातली," मी म्हटलं. "आता पुसतोय."